गेलेल्या तोलाची भरपाई

काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उचलून ओठांशी नेणे, ह्या क्रियेत विचार करण्यासारखे काही आहे असे सहसा कोणास वाटत नाही. हात किती लांब न्यावयाचा, पेल्यावर बोटांचा दाब किती ठेवावयाचा, कोपर वाकताना खांद्याने कितपत आवरून धरावयाचे आणि ओठ जवळ येताच वेग नेमका केव्हा कमी करावयाचा, ह्या सर्वांचा हिशेब आत कोणीतरी ठेवीत असते. पण तो आपणांस कधी दाखविला जात नाही. जुन्या घरांतून एखादी वयस्क आत्याबाई असे. तिचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. ती चार दिवस परगावी गेली म्हणजे मात्र दूध उतू जाई, किल्ल्या सापडेनाशा होत आणि घरातील प्रत्येक मनुष्य दुसऱ्यावर ओरडू लागे. शरीराच्या संसारात हे आत्याबाईचे स्थान लहान मेंदूचे आहे.

शास्त्रीय परिभाषेत ज्यास अनुमस्तिष्क म्हणतात तो हा भाग डोक्याच्या मागील बाजूस, मानेच्या किंचित वर, मोठ्या मेंदूच्या खाली दडलेला असतो. वजनाने तो एकंदर मेंदूच्या सुमारे एकदशांश भरतो. परंतु ब्राझीलमधील संशोधकांनी २००९ साली जी मोजदाद प्रसिद्ध केली तिच्यावरून पाहता, मनुष्याच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींपैकी ६९ अब्ज ह्या एवढ्याशा जागेत दाटीने राहतात. इतक्या दाट वस्तीचा मुलूख गोळीने, गाठीने किंवा रक्तस्रावाने उद्ध्वस्त झाला, तर मनुष्य जन्माचा निकामी व्हावा असे तर्कास वाटते. अनुभव मात्र निराळा आहे. आघातानंतर पहिले काही दिवस ज्यास उठून बसवत नाही, तोच मनुष्य पुष्कळदा काही महिन्यांनी आपल्या पायांनी चालू लागतो. गेलेल्या पेशी परत आलेल्या नसतात. तरी गेलेले काम बरेचसे परत आलेले असते.

हे काम परत कोण आणते, कशाच्या बळावर आणते, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. घरातील वडील माणसास असा आघात होतो, पंधरा दिवस ते खाटेवर पडून असतात, महिन्याभराने काठी धरून अंगणात येतात, आणि सहा महिन्यांनी आल्यागेल्यास सांगण्यात येते की, आता ते अगदी पूर्वीसारखे झाले आहेत. ह्या 'पूर्वीसारखे'त किती सत्य आहे ह्याचा निर्णय होण्यास शास्त्रज्ञांची दोन शतके खर्ची पडली, आणि तो निर्णय अजूनही आपल्या घराघरांतून पोहोचलेला नाही.

आरंभी तर ह्या अवयवाचे कामच कोणास ठाऊक नव्हते. ऑक्सफर्डचा प्रसिद्ध वैद्य थॉमस विलिस ह्याने १६६४ साली मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यात हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास अशा ज्या क्रिया आपल्या इच्छेवाचून चालतात त्यांचे मूळ त्याने लहान मेंदूत ठेविले. पुढे कवटीच्या उंचवट्यांवरून मनुष्यस्वभाव सांगणाऱ्या गाल ह्या जर्मन वैद्याने तेथे कामवासनेचे पीठ स्थापिले, आणि ते मत युरोपात बराच काळ आवडीने चघळले गेले. दोन्ही मतांच्या मागे निरीक्षण थोडे आणि अनुमान फार होते. प्रत्यक्ष प्रयोगाचा मार्ग प्रथम धरला तो लुईजी रोलांडो ह्या इटालियन पंडिताने. त्याचा ग्रंथ १८०९ साली सार्डिनिया बेटावरील सास्सारी येथे छापला गेला. लहान मेंदूस इजा केलेल्या प्राण्यांची शुद्ध जात नाही, त्यांची हालचाल बिघडते, हे त्यात नमूद आहे. व्होल्टाचा विद्युत्स्तंभ नऊच वर्षांपूर्वी जगापुढे आला होता. लहान मेंदूचे एकास एक लागून असलेले पातळ पापुद्रे पाहून रोलांडोस त्या स्तंभातील धातूंच्या चकत्या आठवल्या, आणि स्नायूंस लागणारी वीज येथेच निर्माण होते असे त्याने ठरवून टाकले. उपमा चुकली, पण निरीक्षण टिकले.

हे निरीक्षण काटेकोर करण्याचे श्रेय पॅरिसच्या पिएर फ्लूराँ ह्याचे. १८२४ साली, वयाच्या तिशीत, त्याने आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कबुतराच्या लहान मेंदूचे थर तो एकामागून एक काढीत गेला. वरचे थर काढले तेव्हा पक्ष्याच्या चालीत किंचित दुर्बलता आणि विसंगती दिसली. मधले काढले तेव्हा तो अस्वस्थपणे धडपडू लागला. आणखी खोल गेल्यावर त्यास उडता, उड्या मारता किंवा उभे राहता येईना; पाठीवर ठेविले तर उलटून उठता येईना. तरीही तो पाहत होता, ऐकत होता. अंगावर येणारा तडाखा त्यास दिसे, तो चुकविण्याची तो धडपडही करी, परंतु ती धडपड सफळ होत नसे. इच्छा शाबूत, स्नायूंतील बळ शाबूत. दोहोंच्या मध्ये जो मेळ घालणारा असतो तोच नाहीसा झालेला. लहान मेंदूचे कार्य हालचालींत मेळ राखण्याचे आहे, हा सिद्धांत तेव्हापासून रूढ झाला. मुक्या प्राण्यांच्या वाट्यास आलेल्या ह्या यातनांचे वर्णन आज वाचतानाही मन खिन्न होते. पुढे मनुष्याच्या इलाजास त्या ज्ञानाचा उपयोग झाला, एवढेच त्यांवर म्हणता येते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने फ्लूराँची दुसरी एक नोंद अधिक मोलाची आहे. लहान मेंदूचा काही भागच काढला, तर पक्ष्याचा तोल काही काळाने परत येतो. संपूर्ण अवयव काढला, तर तो येत नाही. म्हणजे भरपाई ही गोष्ट प्रयोगाच्या आरंभापासूनच संशोधकांच्या दृष्टीस पडत होती. पण त्या काळी ती अभ्यासाचा विषय न होता अभ्यासातील अडथळा वाटे. अवयव काढून त्याचे कार्य ठरवावे, तर काढल्यानंतर कार्यच परत येऊ लागते. मग काढलेल्या भागाचे ते काम होते, हे म्हणावयाचे कसे?

ह्या अडथळ्यासच मुख्य प्रश्न मानणारा मनुष्य म्हणजे फ्लॉरेन्सचा लुईजी लुचानी. त्याच्या पूर्वीच्या प्रयोगांतील जनावरे बहुधा जखम चिघळून लवकर मरत; त्यामुळे पहिल्या दिवसांपुरतेच ज्ञान मिळे. लिस्टरने १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केल्यावर चित्र पालटले. लुचानीने त्या पद्धतीचा अवलंब करून ज्यांचा लहान मेंदू काढला होता अशी कुत्री दीर्घकाळ जगविली, आणि त्यांची चाल दिवसेंदिवस न्याहाळली. १८९१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ हे ह्या चिकाटीचे फळ होय.

लुचानीने आघातानंतरच्या काळाचे तीन खंड पाडले. पहिला खंड क्षोभाचा. जनावराची मान मागे ताणली जाते, पुढचे पाय ताठ होतात, अंग एका बाजूस लोळू लागते. हे दिवस सरल्यावर दुसरा, उणिवेचा खंड येतो. ह्यात स्नायूंचा ताण ढिला पडलेला, जोर उणावलेला आणि हालचालीत अस्थिर कंप असे तीन दोष दिसतात. पुढे त्याने ह्यांत चौथ्याची भर घातली, तो म्हणजे मापाचा दोष. पाऊल टाकावयाचे तर ते हवे त्याहून उंच उचलले जाते आणि जमिनीवर आदळते. ह्यानंतर तिसरा खंड भरपाईचा. कुत्रा पाय फाकून उभा राहण्यास शिकतो, भिंतीचा आधार घेऊन चालतो, पुढे आधारही सोडतो. ह्याच लुचानीच्या पाहण्यात आले की, ज्या कुत्र्यास जमिनीवर धड उभे राहता येत नाही ते पाण्यात सोडले असता पोहते. पाण्याने अंगाचा भार उचलला की उणीव पुष्कळशी झाकली जाते.

मग भरपाई करतो कोण? लुचानीचे उत्तर असे की, ती दोन प्रकारची असते. लहान मेंदूचा काही भाग उरला असेल, तर तो उरलेला भाग गेलेल्याचे काम अंगावर घेतो. ही घरातल्या घरात झालेली व्यवस्था होय. काहीच उरले नसेल, तर मोठ्या मेंदूची वरची साल, जेथे इच्छेने करावयाच्या हालचालींचे केंद्र आहे, ती मदतीस येते. हा शेजाऱ्याने केलेला उपकार होय. हे दुसरे विधान त्याने प्रयोगाने पडताळून पाहिले. लहान मेंदू गमावूनही जे कुत्रे पुन्हा चालावयास शिकले होते, त्याच्या मोठ्या मेंदूतील हालचालींचे क्षेत्र त्याने काढले. आणि मोठ्या कष्टाने मिळविलेली ती चाल पुन्हा गेली. उसना आधार कोठून आला होता, हे तो आधार काढताच सिद्ध झाले.

लुचानीच्या विवेचनात आणखी एक मार्मिक मुद्दा आहे, आणि रोग्याकडे पाहण्याची आपली दृष्टी त्याने बदलावयास हवी. पाय फाकून चालणे, हळूहळू चालणे, वळताना थबकणे ही रोगाची लक्षणे आहेत असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः त्यांतील काही रोगाची आहेत आणि काही रोगाशी चाललेल्या झगड्याची आहेत. उणीव आत आहे. पाय फाकणे हा त्या उणिवेवर शरीराने काढलेला तोडगा आहे. 'असे फेंगडे काय चालता, सरळ चाला,' असे जो रोग्यास बजावतो, तो त्याचा आजार दूर करीत नाही; त्याची काठी हिसकावून घेतो.

कुत्रा चालून दाखवितो, पण चालताना आपणांस काय होते हे सांगू शकत नाही. ते सांगणारी तोंडे मिळण्यासाठी युरोपास एका महायुद्धाची किंमत द्यावी लागली. १९१४ साली सुरू झालेल्या त्या युद्धात गॉर्डन होम्स हा आयरिश मज्जावैद्य फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बूलोन्य येथील तळाच्या इस्पितळात जखमी ब्रिटिश सैनिकांवर उपचार करीत होता. खंदकांच्या लढाईत डोके हेच वारंवार शत्रूच्या टप्प्यात येई. आरंभी तर सैनिकांस पोलादी टोप नव्हते, आणि पुढे मिळाले त्यांनीही डोक्याची मागची खालची बाजू उघडीच राही. त्यामुळे गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांचे घाव लहान मेंदूवर बसलेले कित्येक तरुण होम्सच्या हाती आले. १९१७ साली त्याने ह्या रोग्यांवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो आजही ह्या विषयातील आधारस्तंभ गणला जातो.

ह्या रोग्यांत शास्त्रदृष्ट्या दोन सोयी होत्या. एक म्हणजे घाव केव्हा बसला तो दिवस माहीत होता, आणि त्यापूर्वी मनुष्य धडधाकट होता. दुसरी अशी की, लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे आणि डावी डाव्या बाजूचे काम पाहते. त्यामुळे एकाच बाजूस घाव असला, तर त्याच मनुष्याचा एक हात दुसऱ्या हाताशी ताडून पाहता येई. होम्सने बारीकसारीक परीक्षा योजल्या. रोग्यास हात जोराने आपल्याकडे ओढावयास सांगून तो अडवून धरावयाचा आणि एकदम सोडावयाचा. निरोगी हात जागच्या जागी थांबे, दुखावलेला हात स्वतःच्याच तोंडावर येऊन आदळे. तळहात भराभर उलटासुलटा करावयास सांगितला, तर एक हात चक्रासारखा फिरे, दुसरा अडखळे. पुढे त्याने बोटास लुकलुकणारा लहानसा दिवा बांधून हालचालीची रेषा प्रकाशलेखनाच्या काचेवर टिपली. निरोगी हाताची रेषा सरळ आणि समान टिंबांची, दुखावलेल्या हाताची वेडीवाकडी, कोठे दाट, कोठे विरळ. रोग्याची तक्रार जणू त्याच्याच बोटाने लिहून दिलेली.

ह्यांतील एका रोग्याचे म्हणणे होम्सने पुढे १९३९ साली नमूद केले. त्याचा आशय असा की, निरोगी हाताचे काम नकळत होऊन जाते, परंतु दुखावलेल्या हाताची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. वळावयाचे झाले की मी ठप्प थांबतो, आणि विचार केल्याशिवाय पुढचे पाऊल उचलता येत नाही. लुचानीने कुत्र्याच्या मेंदूवर शस्त्र चालवून जे सिद्ध केले होते, तेच हा सैनिक आपल्या अनुभवाने सांगत होता. त्याचा मोठा मेंदू लहान मेंदूच्या जागी राबत होता. आत्याबाई गेल्यावर सूनबाईंनी किल्ल्या कमरेस लावल्या खऱ्या. पण आत्याबाईंच्या हातून जे सहज होत होते, ते सूनबाईंना प्रत्येक वेळी आठवून करावे लागत होते, आणि तेवढा वेळ त्यांची स्वतःची कामे पडून राहत होती. भरपाईची किंमत ती हीच. ती पैशांत किंवा स्नायूंच्या बळात मोजली जात नाही. अवधानात मोजली जाते.

लहान मेंदू हे अवधान वाचवितो कसे, हे कळण्यास त्याची सूक्ष्म रचना उकलावी लागली. बोहेमियाच्या पर्किन्ये ह्याने १८३७ साली सुरईच्या आकाराच्या मोठ्या पेशी वर्णिल्या. त्या आज त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. स्पेनच्या रामोन इ काहाल ह्याने १८८८ साली पक्ष्याच्या लहान मेंदूचे पातळ काप रंगवून पेशी स्वतंत्र असतात हे दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या कामाचा शेवट १९०६ च्या नोबेल पारितोषिकात झाला. ह्या एकेका पर्किन्ये पेशीवर लाखाच्या घरात बारीक तंतू येऊन टेकतात, आणि एकच एक जाड तंतू वेलीसारखा तिला विळखा घालून वर चढतो. ह्या विलक्षण जुळणीचा अर्थ डेव्हिड मार ह्या तरुण इंग्रज पंडिताने १९६९ साली आणि अमेरिकेच्या जेम्स ऑल्बस ह्याने १९७१ साली लावला. बारीक तंतू परिस्थितीची बातमी आणतात, वेलीसारखा तंतू चुकीची ताकीद आणतो. आणि ताकीद मिळाली की त्या वेळी बोलत असलेल्या बारीक तंतूंचा प्रभाव पुढच्या खेपेसाठी बदलतो. हा प्रभाव खरोखरच ओसरतो, हे जपानच्या मासाओ इतो ह्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९८२ साली प्रयोगाने दाखविले. तपशिलाविषयी वाद अजून चालू आहेत, तथापि लहान मेंदू हे चुकांवरून शिकण्याचे यंत्र आहे, ही मुख्य कल्पना सर्वमान्य झाली आहे.

ह्याचे एक सुंदर प्रात्यक्षिक १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. दृष्टी एका बाजूस सरकविणारा लोलकांचा चष्मा डोळ्यांस लावून मनुष्यास समोरच्या निशाणावर मातीचे गोळे मारावयास सांगितले. निरोगी मनुष्याचा पहिला नेम चुकतो; पण हळूहळू हात स्वतःस सुधारून घेतो आणि नेम बसू लागतो. आता चष्मा काढला, तर गंमत अशी की नेम उलट्या बाजूस चुकतो. कारण हाताने केलेली दुरुस्ती अजून उतरलेली नसते. ज्यांच्या लहान मेंदूचे संबंधित भाग बिघडले होते त्यांचा नेम चष्मा असेपर्यंत चुकतच राहिला, आणि चष्मा काढल्यावर उलटा चुकलाही नाही. त्यांचा हात काही शिकलाच नव्हता.

येथे आपल्या प्रश्नाची खरी अडचण उघडी पडते. हाताला इजा झाली तर मनुष्य नव्या रीतीने हात वापरण्यास शिकतो. कारण शिकणारा अवयव शाबूत असतो. लहान मेंदूस इजा झाली म्हणजे शिकविणाऱ्या गुरुजींसच दुखापत झालेली असते. ज्या साधनाने उणीव भरून काढावयाची तेच साधन उणे. म्हणूनच भरपाई किती होईल हे बहुतांशी साधन किती उरले आहे ह्यावर अवलंबून असते, आणि फ्लूराँच्या कबुतरांचे कोडे येथे सुटते. लहान मेंदूच्या सालीची रचना सर्वत्र जवळजवळ एकसारखी आहे. तिचा एक तुकडा गेला तर शेजारचा भाग पुष्कळसे सांभाळून घेतो. परंतु ह्या सालीचा सर्व निकाल ज्या वाटेने बाहेर पडतो, ती वाट गाभ्यातील थोड्याशा पेशीपुंजांतून जाते. कचेरीतील कारकुनांपैकी चार रजेवर गेले तरी काम चालते. बाहेर जाणारे सर्व टपाल ज्या एका खिडकीतून जाते ती बंद पडली, तर सर्व कारकून हजर असून उपयोग नाही. लहानपणी लहान मेंदूतील गाठ काढलेल्या मुलांचा अभ्यास जर्मनीत करून २००५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो ह्याच्याशी जुळता आहे. गाभ्यातील पेशीपुंज वाचले असतील तर सुधारणा चांगली होते. ते दुखावले असतील तर वय कितीही कोवळे असो, उणीव पुरती भरून निघत नाही.

आघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जी झपाट्याने सुधारणा दिसते तिचे सर्व श्रेय मात्र भरपाईस देता येत नाही. तिच्यातील काही भाग सूज उतरल्याचा असतो. काही भाग असा की, एक ठिकाण दुखावले म्हणजे त्याच्याशी तंतूंनी जोडलेली दूरची शाबूत ठिकाणेही काही काळ स्तब्ध होतात, आणि मग एकेक करून जागी होतात. झ्यूरिकच्या कॉन्स्टंटिन फॉन मोनाको ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे तत्त्व मांडले. हे ओहोटीचे पाणी परत येण्यासारखे आहे. त्यानंतर जे मिळवावयाचे ते विहीर खणून मिळवावे लागते.

येथे कोणी विचारील, जन्मतःच ज्यास लहान मेंदू नाही त्याचे काय? असे रोगी फार विरळ; परंतु त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. फ्रान्समध्ये १८३१ साली अकरा वर्षांची एक मुलगी वारली. तिच्या शवविच्छेदनात लहान मेंदूच्या जागी केवळ एक पातळ पडदा आढळला. ती चालत असे, पण वारंवार पडे. बोलत असे, पण अडखळत. अशा उदाहरणांभोवती पुढे दंतकथा वाढल्या. लहान मेंदू मुळीच नसूनही अगदी चारचौघांसारखी जगलेली माणसे आहेत, असे ग्रंथांतून लिहिले जाऊ लागले. मिचेल ग्लिकस्टीन ह्या शास्त्रज्ञाने १९९४ साली मूळ नोंदी पुन्हा तपासून दाखविले की, ज्यांच्याविषयी विश्वसनीय माहिती आहे त्या सर्वांच्या हालचालींत दोष होताच. २०१४ साली चीनमधून चोवीस वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चक्कर आणि मळमळ ह्यांसाठी ती वैद्यांकडे गेली, आणि तपासणीत तिच्या डोक्यात लहान मेंदूच नाही असे आढळले. ती विवाहित होती, तिला मुलगी होती, तिचा संसार चालला होता. वर्तमानपत्रांनी एवढेच छापले आणि जग थक्क झाले. परंतु त्याच वृत्तांतात हेही होते की, तिचे बोलणे सहाव्या वर्षापर्यंत कोणास कळत नव्हते, आधारावाचून ती सातव्या वर्षी चालू लागली, आणि धावणे व उड्या मारणे तिला कधी जमलेच नाही. ह्या वृत्तांतातील चमत्कार खरा आहे, आणि त्याची किंमतही खरी आहे. एक सांगून दुसरी लपविली म्हणजे दंतकथा तयार होते.

लहान वयात मेंदू लवचीक असतो, म्हणून बालपणची इजा सहज भरून निघते, हा समजही असाच अर्धवट आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत लहान मेंदूस इजा झाली, तर पुढे केवळ चालच नव्हे तर भाषा, समज आणि माणसांत मिसळणे ह्यांतही अडचणी येतात, असे अलीकडे दिसून आले आहे. प्रौढांतही १९९८ सालापासून हे मान्य होत आले आहे की, विचारांची जुळणी आणि भावनांचे आवरण ह्यांत ह्या अवयवाचा हात असतो. जो अवयव इतरांस शिकवितो तो आरंभीच दुखावला, तर त्याच्या शिष्यांचेही शिक्षण अपुरे राहते.

मग उपाय काय? औषधांनी अद्याप गेलेल्या पेशी परत आणलेल्या नाहीत. परंतु जे साधन उरले आहे त्यास सराव द्यावा, ही जुनी वाट खरी ठरत आहे. ज्यांचा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो अशा रोग्यांविषयी पूर्वी वैद्य निराश असत. शिकणारा अवयवच झिजत असता शिकवून काय लाभ, असे त्यांस वाटे. जर्मनीत २००९ साली सोळा रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, तास तासभर त्यांच्याकडून तोलाचा आणि मेळाचा कसून सराव करून घेतला. त्यांची चाल सुधारली, पडण्याचा धोका उणावला. आणि घरी सराव चालू ठेवणाऱ्यांस वर्षानंतरही, रोग वाढत असूनही, त्या कमाईतील काही भाग राखता आला. सोळा ही संख्या लहान आहे, तीवरून मोठे मनोरे बांधू नयेत. पण जखमी गुरुजीही थोडेफार शिकवू शकतात, एवढे तिने निश्चित केले.

असो. ह्या सर्व इतिहासातून सामान्य गृहस्थाने काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, सहा महिन्यांनी जो मनुष्य पूर्वीसारखा चालताना दिसतो तो पूर्वीसारखा चालत नसतो. पूर्वी त्याचे पाय आपोआप चालत. आता तो त्यांस चालवितो. चालता चालता त्यास कोणी प्रश्न विचारला आणि त्याचा झोक गेला, तर तो हलगर्जीपणा समजू नये; त्याच्या अवधानाची थैली एकच आहे, आणि प्रश्नाने तिच्यात हात घातला. सायंकाळी तो सकाळपेक्षा अधिक अडखळला, तर रोग उलटला असे मानून घाबरू नये; दिवसभर हिशेब करून हिशेबनीस थकला आहे. रस्त्यात झोकांड्या खाणारा मनुष्य दिसला की मद्यपी म्हणून त्याची हेटाळणी होते. मद्य लहान मेंदूवर परिणाम करून अशीच चाल आणते, त्यामुळे दोघांत साम्य आहे हे खरे. पण एकाने तोल पेल्यात घालविला आहे आणि दुसरा गेलेला तोल पावलापावलाने परत मिळवीत आहे.

दुसरी गोष्ट, अशा माणसाची सर्व कामे प्रेमापोटी आपण करून टाकणे हे त्याच्या हिताचे नाही. पेला त्याने स्वतः उचलावा. तो अर्धाच भरलेला असावा, आणि थोडे पाणी सांडले तर घरच्यांनी ते मुकाट्याने पुसावे. लुचानीची कुत्री चालावयास शिकली ती चालूनच. भिंत जवळ हवी, घाई दूर हवी, आणि सराव रोज हवा. आजारी माणसास 'तुम्ही आता बरे झालात' असे सांगून आपण त्याचे कष्ट नाकारतो, आणि 'तुमच्याने होणार नाही' असे सांगून त्याची आशा नाकारतो. त्यापेक्षा तो वळताना थबकला, तर आपणही बोलणे थांबवून तेथेच क्षणभर उभे राहावे. त्या थबकण्यात त्याचे काम चाललेले असते.